आफीचा उंबरठा

कारेलीबागेतल्या आमच्या पुढच्या खोलीत मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, आणि त्यांतली पहिली अठरा वर्षं 'अ', 'ॲन' आणि 'द' कुठे घालायचे ते मला येत नव्हतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना नाही, ज्यांच्या मुलांची फी मी घेतली त्यांना तर नाहीच. एका व्यक्तीला ते कळलं, पण तिलाही मी सांगितलं नव्हतं. तिचं तिने ओळखलं.

आज हे लिहायला बसलोय कारण तोच मोसम पुन्हा आला आहे. खिडकीबाहेरचा कडुनिंब फुललाय. त्या फुलांचा वास गोड म्हणावा तर कडू आणि कडू म्हणावा तर गोड. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, फक्त शेरडीच्या, म्हणजे उसाच्या रसवाल्याचे घुंगरू वाजत राहतात. वर अगाशीवर, म्हणजे गच्चीत, बायकोने छुंद्याची पहिली बरणी उन्हात ठेवली आहे, तोंडाला पांढरं फडकं बांधून. किसलेली केरी, म्हणजे कच्चा आंबा, साखर आणि ऊन, दुसरं काही लागत नाही. रोज सकाळी बरणी बाहेर, संध्याकाळी आत, आणि आठ-दहा दिवसांत पांढरट किसाचा मधासारखा पाक होतो. मला दरवर्षी त्याचं नवल वाटतं. इतक्या वर्षांत न झालेली एक गोष्ट माझीही अशीच एका उन्हाळ्यात झाली.

आधी लपवायचो कसा ते सांगतो. वाडीतल्या मराठी शाळेत शिकलो. आमच्या घरात 'मांजर आलं' म्हटलं की कोणतं मांजर ते सगळ्यांना कळतं, आणि नाही कळलं तर उठून बघतात. त्यासाठी शब्दाच्या आधी आणखी एक शब्द लावायचा, ही कल्पनाच आमच्या रक्तात नाही. बाकीचं इंग्रजी मी कष्टाने कमावलं. काळ, प्रयोग, अवघड स्पेलिंगं, सगळं. हे तीन एवढेएवढेसे शब्द मात्र हाती लागेनात. मग मी युक्त्या शिकलो. फळ्यावर शक्यतो अनेकवचनी नामं लिहायची. तपासायला द्यायचं ते मागे उत्तरं असलेल्या पुस्तकातूनच द्यायचं. आणि कोणी विचारलंच, सर, इथे 'द' का, तर डोळे मिटून म्हणायचं, "कानाला विचार. वाक्य मोठ्याने म्हण, कान सांगेल."

हे वाक्य फार चाललं. पालक एकमेकांना सांगायचे की सर नियम घोकून घेत नाहीत, कान तयार करतात. मी खाली मान घालून ऐकायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मेहुलभाई आले. नंदेसरीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ते प्रशिक्षणाचं बघतात. आफ्रिकेतल्या टोगो देशातून नऊ जण कारखान्यात काम शिकायला आले होते. काम ते भराभर शिकत होते, पण त्यांची भाषा फ्रेंच, आणि मेअखेर त्यांची इंग्रजीची लेखी परीक्षा होती. अपघाताचा अहवाल, सूचनेचा फलक, शिफ्ट बदलताना पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायची चिठ्ठी. बाहेरून परीक्षक येणार. जो पास होईल तो मायदेशी नव्या कारखान्यात शिफ्ट सांभाळणार. जो नापास होईल तो परत जुन्या जागी. नऊ जणांत एकच बाई होती, तिची जुनी जागा म्हणजे पोती शिवणं. ती आफी.

"एमने बधु आवडे छे, सर," मेहुलभाई त्यांच्या गुजरातीत म्हणाले. म्हणजे त्यांना सगळं येतं. "खाली आर्टिकलमां लोचा छे."

गोंधळ फक्त आर्टिकल्सचा आहे, म्हणे. मी चहाचा घोट घेतला आणि हो म्हणालो. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

आमच्या घरात क्लासला यायचं तर आधी अण्णांना पार करावं लागतं. अण्णा माझे वडील, रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले, पण तपासणं काही सुटलं नाही. दारात खुर्ची टाकून, पाय अर्धे उंबरठ्यावर ठेवून बसतात. नवा माणूस आला की खुर्ची हलत नाही. कोण आपण, कुठले, काय काम. उत्तर मिळालं की पाय आत घेतात. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला काही विचारत नाहीत, नुसतं 'ये' म्हणतात. नऊ जणांची अशी रीतसर तपासणी झाली. मी दुभाषा. कळलं की त्यांच्याकडे जन्मवारावरून नाव ठेवतात. कोसी म्हणजे रविवारी जन्मलेला, आफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेली. अण्णा खूश झाले. वेळापत्रकच घरी आलं की, म्हणाले. त्या दिवसापासून आफी त्यांच्या तोंडी शुक्रवार झाली, आणि ते तिचे पापा.

पहिल्या आठवड्यातच माझी युक्ती मोडून पडली. मी म्हटलं, कानाला विचारा. नऊ कानांनी एकमुखाने सांगितलं: 'द'. त्यांच्या फ्रेंचमध्ये आयुष्यालाही तो लागतो, पाण्यालाही लागतो, प्रेमालाही लागतो, म्हणून ते सगळ्यालाच लावायचे. आणि जिथे हवा तिथे नसायचा. मी इंजिनिअर आहे हे वाक्य 'अ' शिवायच यायचं. मी मराठी माणूस, सगळीकडून गाळणारा. ते सगळीकडे घालणारे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं काय छान चर्चा चाललीय.

ही काही शाळेतल्या गुणांची गोष्ट नाही हे मला आफीने सांगितलेल्या एका प्रसंगातून कळलं. कारखान्यात सराव म्हणून तिने एक फलक लिहिला होता. ॲसिडला हात लावू नका, असं तिला म्हणायचं होतं, कुठल्याच ॲसिडला. तिने सवयीने 'द ॲसिड' लिहिलं. तिथले एक जुने कामगार फलकासमोर उभे राहिले, वाचलं आणि तिला विचारलं, "कयुं एसिड, बेन?" कोणतं ॲसिड. समोरच्या एका पिंपाकडे बोट दाखवून, हेच ना, असं म्हणून त्यांनी निर्धास्तपणे दुसऱ्या पिंपाकडे हात नेला, त्यातही ॲसिडच होतं. तिने त्यांचा दंड धरून मागे ओढलं. हे सांगताना ती हसली नाही. म्हणाली, सर, हा शब्द लहान आहे, पण माणूस त्याच्यावर विश्वास ठेवून हात पुढे करतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर शोभेल, पण खरं नाही. मला छान झोप लागली. सवय होती.

एप्रिलच्या सुरुवातीला मी सराव परीक्षा घेतली आणि पेपर तपासून दिले. आफी सगळे गेल्यावर थांबली. तिने अहवालात लिहिलं होतं की टाकीजवळ एक नळी फुटली. पुढच्या वाक्यात त्याच नळीबद्दल लिहिताना तिने बरोबर 'द' घातला होता. मी तो लाल शाईने खोडून 'अ' केला होता, कारण माझ्या पुस्तकामागच्या उत्तरात तसल्याच वाक्यात 'अ' होता. आणि खाली जिथे तिने सुरक्षिततेला उगाच 'द' लावला होता तिथे मी बरोबरची खूण केली होती. तिने दोन्ही जागांवर बोट ठेवलं. मग माझ्या फळ्यावरच्या वाक्यांची तिने वहीत उतरवून घेतलेली दोन पानं उघडली. सगळी अनेकवचनं. तिने मोजली नव्हती, फक्त पाहिली होती.

"सर, तुम्हालाही येत नाही ना?" तिने विचारलं. मोडक्या इंग्रजीत, अगदी हळू, बाहेर अण्णांना ऐकू जाऊ नये इतकं.

मी लाल पेनचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. 

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग आपण दहा जण आहोत."

नऊ नव्हे, दहा. पट मोजताना शिक्षकाला पटात घेतलं तिने. एवढं मोठं मन मी माझ्या आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. ती ते कोणाला बोलली नाही, कोसीलाही नाही. आणि दुसऱ्या दिवशीपासून क्लासच्या अर्धा तास आधी यायला लागली. ती जास्तीचे घालायची, मी गाळायचो, आणि दोघांच्या मधे कुठेतरी खरं वाक्य असायचं. पण का, ते दोघांनाही सांगता यायचं नाही.

ते सांगितलं अण्णांनी, त्यांना पत्ताही नसताना.

आफी दारातच थांबून त्यांच्याशी बोलायची, मी भाषांतर करायचो. एकदा तिने विचारलं, पापा, तुम्ही रेल्वेत कोण होता? अण्णांना असला प्रश्न म्हणजे सणच. ते म्हणाले, "बाई, रेल्वेत मी एक टीसी होतो. माझ्यासारखे हजार. कोण ओळखतंय? पण डब्यात पाय ठेवला आणि पहिल्या बाकावरच्याला तिकीट विचारलं, की शेवटच्या बाकापर्यंत कुजबुज पोचायची, टीसी आला, टीसी आला. मग मी हजारातला एक नाही राहायचो. त्या डब्याचा व्हायचो."

मी सवयीने इंग्रजी करत होतो. एक टीसी म्हणताना तोंडात 'अ' आला. टीसी आला म्हणताना 'द'. मी थांबलो. आफीने वही उघडली होती. ती एकदा अण्णांकडे पाहत होती, एकदा उंबरठ्याकडे, एकदा आत टेबलाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"आम्ही पहिल्या दिवशी आलो तेव्हा पापांनी पाय ठेवला होता," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी नुसतं 'ये' म्हणाले." मग तिने भराभर विचारायला सुरुवात केली. दूधवाल्याला विचारतात का, कोण म्हणून? अण्णा म्हणाले, त्याला काय विचारायचं, सोसायटीत दूधवाला एकच. वॉचमनला? तोही एकच. आणि हा वास? शेजारच्या घरातून मोहरीच्या फोडणीचा वास येत होता. अण्णा हसले. "त्याला कोण विचारणार? तो येतोच."

आफीने वही मिटली. पुढचं वाक्य तिने मला उद्देशून म्हटलं आणि ते मी जन्मात विसरणार नाही.

"सर, पापा रोज दारात आर्टिकल शिकवतात, आणि तुम्ही आत बसून कान शोधता."

बस. झालं. पहिल्यांदा दारात उभा राहतो तो 'अ'. नाव-गाव सांगून आत आला, की 'द'. सगळ्या सोसायटीत एकच असेल, तर त्याला पहिल्यापासूनच 'द'. आणि हवा, वास, पाणी, प्रेम, सुरक्षितता, जे दार न वाजवता सगळ्या घरांत असतं, त्याला काहीच नाही. सगळं यात बसत नाही हे आज मला माहीत आहे. उरलेलं पाठ करावं लागतं. पण अठरा वर्षं बंद असलेलं एक दार उघडलं, आणि वारा असा आत आला की काय सांगू. पंचेचाळीस वर्षांचा माणूस मी, अगाशीवर छुंद्याची बरणी आत घ्यायला गेलो आणि बरणीलाच सांगत सुटलो. आज सकाळी एक बरणी बाहेर आली. ती बरणी आता आत चालली आहे. ऊन मात्र ऊनच. बायको मागे उभी होती. ऊन लागलंय तुम्हाला, म्हणाली.

मग तो उन्हाळा आमचा झाला. क्लास खोलीत मावेना. शेरडीच्या गाड्यावर नऊ जण रांगेत उभे राहून ग्लासाला आधी 'अ' म्हणून दारात थांबवायचे आणि मग 'द' म्हणून आत घ्यायचे. एका सकाळी मी सगळ्यांना विश्वामित्रीच्या पुलावर नेलं, कारण कोसीला गावातून वाहणाऱ्या नदीत मगरी असतात हे खोटं वाटत होतं. तासभर काही दिसेना. येणारेजाणारे स्कूटर थांबवून आम्हाला विचारायला लागले, शुं थयुं, कोई पड्युं? काय झालं, कोणी पडलं का? मग पलीकडच्या काठावरचा चिखल हलला. कोसी ओरडला ते बरोबर 'अ' लावून ओरडला. ती मगर सरपटत पाण्यात शिरली तेव्हा आठही जण म्हणाले 'द', आणि आफीने माझ्याकडे बघून भुवई उडवली. पुलावर टाळ्या पडल्या. ज्यांनी वाजवल्या त्या लोकांना वाटलं मगरीसाठी.

मी नव्याने शिकत होतो, त्यांच्याबरोबर, त्यांच्याच बाकावर, फक्त तोंड त्यांच्याकडे करून. जुन्या पुस्तकांची मागची पानं मी फाडून टाकली. फळ्यावर एकवचन लिहिलं. एक साधं एकवचन, धीटपणे, त्याच्यापुढे 'अ'. 

परीक्षेच्या दिवशी ऊन असं होतं की नंदेसरीकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीला हात लावता येत नव्हता. मी गेटबाहेर पानाच्या गाड्याच्या सावलीत उभा राहिलो. परीक्षा त्यांची होती असं लोक समजत होते. चौथ्या दिवशी निकाल लागला. नऊच्या नऊ पास. परीक्षकाने म्हणे मेहुलभाईंना विचारलं की यांना आर्टिकल्स कोणी शिकवली, इतकी स्वच्छ तर आमच्याकडे इंजिनिअरही लिहीत नाहीत. आफी पहिली आली.

मेहुलभाई पेढे घेऊन आले. खोली भरली होती, अण्णा दारात, बायको आतल्या चौकटीत, कोसी रेडिओ नसताना नाचत होता. तेव्हा मेहुलभाईंनी सगळ्यांसमोर, अगदी मनापासून विचारलं, "सर, आ मेथड तमारी पोतानी?"

पद्धत तुमची स्वतःची का, एवढंच. उत्तर एका शब्दाचं होतं. आफी माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. मी हसलो. नुसता हसलो, खाली मान घालून, तोच जुना विनय. आणि तेवढ्यात कोणीतरी टाळी वाजवली. बघतो तर आफी. तिने सुरुवात केली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या.

ती टाळी तिने का वाजवली ते मी चार वर्षं स्वतःला विचारतोय. मला वाचवायला, की खरंच आनंदाने, की तिच्याकडे शिक्षकाला असाच मान देतात म्हणून. काहीही असो, मला गप्प बसायला जागा तिने दिली आणि मी बसलो.

पुढच्या वर्षी मेहुलभाईंच्या आग्रहावरून पुस्तिका निघाली. 'उंबरठा पद्धत'. वर माझं नाव. टोगो, बेनिन, आयव्हरी कोस्टहून आलेल्या तीन तुकड्या त्यावर शिकल्या. पहिली प्रत मी अण्णांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, तिकीट बघावं तशी उलटीसुलटी करून पाहिली, पहिलं पान, शेवटचं पान. मग म्हणाले, "शुक्रवारचं नाव कुठंय यात?"

मी म्हणालो, राहिलं अण्णा, छापणाऱ्याची चूक. पुढच्या खेपेला घालू. ती पुढची खेप दोनदा येऊन गेली.  एकदा विचारलेल्या माणसाला अण्णा दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

परवा आफीचा मेसेज आला. ती आता शिफ्ट सांभाळते आणि नव्या लोकांना इंग्रजी अहवाल लिहायलाही तीच शिकवते. सोबत फोटो होता. कारखान्याच्या वर्गाचं दार, दारात एक लाकडी खुर्ची, खुर्चीत एक पांढऱ्या केसांचा माणूस, पाय उंबरठ्यावर. जुना निवृत्त कामगार आहे, लिहिलं होतं तिने, खास यासाठी बोलावून बसवला. आतले अकरा जण परीक्षेत पास झाले होते, सगळेच्या सगळे. मी फोटो अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, त्या माणसाला न्याहाळलं आणि ते म्हणाले, पाय बरोबर ठेवलाय.

मला इतका आनंद झाला की मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. समुद्रापलीकडे, ज्या गावाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, तिथे आमच्या कारेलीबागेतलं दार उघडं आहे आणि माणसं त्यातून आत जाताहेत. कोणाचा हात चुकीच्या पिंपाकडे जाणार नाही. मेसेजमध्ये एकही आर्टिकल चुकलेलं नव्हतं. मी तपासलं, आणि मला तपासता आलं, हे केवढं आहे ते माझं मला माहीत. शेवटी तिने लिहिलं होतं की ती सगळ्यांना सांगते, ही माझ्या सरांची पद्धत.

हा लेख मी मराठीत लिहिलाय. तिला तो वाचता येणार नाही, आणि लिहायला बसताना हे माझ्या मनात नव्हतं असं म्हणणार नाही. बाहेर ऊन उतरायला लागलंय, बरणी आत घ्यायला हवी. अण्णा दारात आहेत. आज संध्याकाळी हे मी आधी त्यांना वाचून दाखवीन.

पद्धत आफीची आहे. तिचं नाव मी अजून छापलेलं नाही, आणि पद्धत माझी नाही हे तिला इंग्रजीत लिहून कळवलेलंही नाही. एवढं मी तिचं देणं लागतो.